पाण्यापर्यंत पोचणारं बळ

ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २२.४७ सेकंदांत भिंत गाठली. जपानचा शुनिची नाकाओ २२.४६ मध्ये पोचला होता. कांस्यपदक त्याला मिळालं आणि वीरधवल चौथा आला. शर्यतीच्या शेवटी हे जलतरणपटू सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने येत असतात, त्यामुळे एक शतांश सेकंद म्हणजे दोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढं अंतर. त्याच स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ चा राष्ट्रीय विक्रम केला होता. आधीचा विक्रमही त्याचाच, २००९ मधला, २२.५२ चा. नऊ वर्षांत नऊ शतांश. मधल्या काळात २०१० साली ग्वांगझूला ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य त्याने आणलं होतं, खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणात मिळालेलं पहिलं पदक. मग तहसीलदाराची नोकरी आली, पोहणं मागे पडलं, आणि तरीही तो परत आला. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने आणि त्याची पत्नी ऋजुता हिने आपापल्या गटात ५० मीटर फ्रीस्टाइलची सुवर्णपदकं घेतली.

ज्या खेळात नऊ वर्षांच्या कष्टांचा हिशेब शतांशांत होतो, त्या खेळाची तयारी आपण कशाने मोजतो, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात तो अधिकच महत्त्वाचा आहे. उन्हाळी बॅचमध्ये पोहायला शिकलेल्या मुलांपैकी काही जण स्पर्धेकडे वळतात. मग डोंबिवलीचं सावळाराम महाराज क्रीडा संकुल, ठाण्याचा मारोतराव शिंदे तरण तलाव, दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव ही नावं घरात रोजची होतात आणि पहाटेच्या लोकलचं वेळापत्रक पाठ होतं. तेरा-चौदाव्या वर्षी पालक सरांना विचारतात, जिम लावू का? सर पुलअप मोजतात, प्लँक धरायला सांगतात, स्टॉपवॉचवर २५ मीटर घेतात आणि वहीत आकडे लिहितात. या आकड्यांचा पुढे उपयोग काय, हे मात्र फार थोड्या ठिकाणी ठरलेलं असतं.

गेल्या चाळीसेक वर्षांत जगात या विषयावर भरपूर काम झालं आहे. त्यातलं आपल्या कामाचं कोणतं आणि प्रयोगशाळेतच शोभणारं कोणतं, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगतो. जमिनीवरच्या ताकदीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्यातली किती ताकद पाण्यापर्यंत पोचते हे कळलं तरच तो उपयोगी पडतो. आणि हे कळण्यासाठी लागणारी साधनं अंबरनाथमध्ये मिळतात.

महाराष्ट्राला पोहण्यातलं लांब अंतर आवडतं. धरमतर ते गेटवे, संकरॉक ते गेटवे, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची सागरी स्पर्धा यांच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. २०१८ मध्ये सात समुद्रांचं आव्हान पूर्ण करणारा पुण्याचा रोहन मोरे आपल्याला चटकन आठवतो. हे कौतुक योग्यच आहे. पण त्यामुळे सरावाचं मोजमाप किलोमीटरमध्ये करण्याची सवय लागली. किती पोहलास, तर चार किलोमीटर. पन्नास मीटरवाल्या मुलालाही तेच विचारलं जातं. चाचण्यांचंही तसंच. ऑस्ट्रेलियातून जगभर गेलेली सात वेळा २०० मीटरची चढती चाचणी मध्यम अंतराच्या पोहणाऱ्यांसाठी उत्तम आहे, पण जो मुलगा तीस सेकंदांच्या आत शर्यत संपवणार आहे त्याच्याबद्दल ती फारसं सांगत नाही.

ऑस्ट्रेलियाचाच कॅमरन मॅकएव्हॉय या बाबतीत डोळे उघडणारं उदाहरण आहे. आधी तो १०० मीटरचा मोठा पोहणारा होता आणि रूढ पद्धतीने भरपूर अंतर पोहत असे. टोकियो ऑलिम्पिकनंतर विश्रांती घेऊन तो परतला तेव्हा त्याने पाण्यातलं अंतर खूपच कमी केलं, जड वजनांचा व्यायाम वाढवला आणि पाण्यात जे काही करायचं ते पूर्ण वेगाने करायचं असं ठरवलं. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत त्याने २१.०६ सेकंदांत सुवर्ण घेतलं आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २१.२५ सेकंदांत. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं ऑलिम्पिक सुवर्ण ऑस्ट्रेलियाला त्याआधी कधीच मिळालं नव्हतं. यावरून उद्यापासून आपल्या मुलांचं पोहणं कमी करा असा निष्कर्ष काढणं घातक ठरेल. मॅकएव्हॉयच्या अंगात आधीची बरीच वर्षं आणि हजारो किलोमीटर मुरलेले होते. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच की त्याने प्रत्येक व्यायामाला एकच प्रश्न विचारला: यामुळे पन्नास मीटर लवकर होतात का?

पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती साधारण घनाने. एखादी मुलगी ५० मीटर २८ सेकंदांत पोहते आणि तिला २७ वर यायचं आहे असं धरू. वेग पावणेचार टक्क्यांच्या आसपास वाढवायचा, पण त्यासाठी पाण्यात लागणारी शक्ती साडेअकरा टक्क्यांनी वाढते. हाच हिशेब उलटा मांडला तर शरीराची ठेवण सुधारून अवरोध दहा टक्क्यांनी कमी झाला, की त्याच शक्तीत वेग साडेतीन टक्क्यांनी वाढतो. म्हणून ज्या चाचणीत अवरोध कुठेच येत नाही, ती अर्धीच गोष्ट सांगते. जिममधल्या सगळ्या चाचण्या या अर्ध्या प्रकारच्या आहेत.

१९८२ मध्ये अमेरिकेत शार्प, ट्रूप आणि कॉस्टिल यांनी स्विम बेंचवर, म्हणजे पालथं झोपून हातांनी दोरी ओढायच्या यंत्रावर, हातांची शक्ती मोजली आणि तिची २५ यार्डांच्या वेगाशी तुलना केली. संबंध अतिशय घट्ट निघाला. जिमवाल्यांना आणखी काय हवं? पण १९९३ मध्ये तानाका, कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन पोहणाऱ्यांचे दोन गट केले. एक गट फक्त पोहला, दुसऱ्याने पोहण्याबरोबर आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम केला. वजनं उचलणाऱ्यांची ताकद २५ ते ३५ टक्क्यांनी वाढली, पण पाण्यातल्या शक्तीत आणि वेगात दोन गटांत फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यासांत कॉस्टिल आहेत, हे मला विशेष वाटतं. ज्याने संबंध दाखवला त्यानेच त्याची मर्यादाही दाखवली.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. पहिल्या अभ्यासात मुलगे आणि मुली, चांगले आणि साधारण, सगळे एकत्र होते. अशा मिश्र गटात मोठी, भरलेल्या अंगाची मुलं ताकदवानही असतात आणि वेगवानही, त्यामुळे संबंध घट्ट दिसतोच. एकसारख्या कुवतीच्या पोहणाऱ्यांत तो सैल पडतो. आपल्या पट्ट्यातल्या कोणत्याही बॅचला हे लागू आहे. दहा ते सोळा वयाची मुलं एका रांगेत उभी करून पुलअप घ्या आणि मग २५ मीटर पोहवा, आकडे सुंदर जुळतील. प्रत्यक्षात तुम्ही वय आणि वाढ मोजलेली असेल. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलग्यांचा चौदाव्याच्या. पण दोन समवयस्क मुलांत यात दोन-दोन वर्षांचं अंतर असतं. बाराव्या वर्षी मिशा फुटलेला मुलगा चाचणीत पहिला येतो आणि सोळाव्या वर्षी ज्याची वाढ पूर्ण व्हायची आहे तो मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असतो. ताकदीच्या चाचणीवरून या वयात निवड करू नये, असं मला ठामपणे वाटतं. उंची, बसून उंची आणि दोन्ही हात पसरून होणारी लांबी दर तीन महिन्यांनी लिहून ठेवावी. त्यातून कोण वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळतं आणि बाकीचे आकडे त्या प्रकाशात वाचता येतात.

जमिनीवरची ताकद जिथे जवळजवळ सरळ पाण्यात उतरते अशी एक जागा आहे: स्टार्ट. ब्लॉकवरून झेप घेताना पायाखाली घट्ट आधार असतो आणि तिथे पायांचा जोर पूर्ण कामी येतो. २०११ मध्ये वेस्ट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय स्प्रिंट जलतरणपटूंवर केलेल्या अभ्यासात ज्यांचा स्क्वॉट जड आणि उभी उडी उंच, त्यांचे पहिले १५ मीटर लवकर झाले, असा स्पष्ट संबंध सापडला. पन्नास मीटरच्या शर्यतीत १५ मीटर म्हणजे जवळपास एक तृतीयांश अंतर. त्यामुळे स्प्रिंटरसाठी पायांची ताकद मोजायला हवी आणि त्याला फोर्स प्लेट, म्हणजे पायांचा जोर मोजणारी पाटी, लागत नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये उभी उडी टिपली की पाय जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ मिळतो. त्या वेळेचा वर्ग ९.८१ ने गुणून आठाने भागला की उंची मीटरमध्ये येते. अर्धा सेकंद हवेत राहिलेली मुलगी साधारण ३१ सेंटिमीटर उडाली. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं येतात आणि एका चित्राची चूक म्हणजे चार सेंटिमीटर, म्हणून सेकंदाला २४० चित्रांची सोय वापरावी. उतरताना गुडघे पोटाशी घेतले तर हवेतला वेळ फसवा वाढतो. पाय ताठ ठेवूनच उतरायला सांगावं.

स्टार्टच्या चाचणीबाबत एक गोष्ट कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे. ब्लॉकवरून सूर मारण्यासाठी भिंतीपासून एक ते सहा मीटरच्या पट्ट्यात किमान १.३५ मीटर खोली हवी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अनेक तलावांचं एक टोक त्याहून उथळ असतं. तिथे वेळ घेण्यासाठी मुलांना सूर मारायला लावणं म्हणजे मानेच्या मणक्याशी खेळ. खोल टोकाकडून स्टार्ट घेता येत नसेल तर ती चाचणी त्या तलावात होत नाही, हे मान्य करावं. श्वास रोखून पाण्याखाली किती अंतर जातोस, ही चाचणी काही जण अजून घेतात. तीही पूर्णपणे बंद व्हायला हवी. आधी जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारली की शुद्ध हरपते आणि ती हरपताना आतून कोणतीही सूचना मिळत नाही. कोंडेश्वरच्या कुंडात आणि उल्हास नदीच्या पात्रात बुडून गेलेल्यांच्या बातम्या या भागाने पुष्कळ वाचल्या आहेत. तलावात, सरांच्या डोळ्यांसमोर हा धोका मुद्दाम ओढवून घ्यायचं काहीच कारण नाही.

स्टार्टनंतर उरलेल्या ३५ मीटरमध्ये मात्र हातांचं राज्य असतं. फ्रीस्टाइलमध्ये पुढे ढकलणारा बहुतांश जोर हात देतात. मुरलीकांत पेटकर यांचं उदाहरण इथे आपोआप येतं. १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागून कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या या सांगली जिल्ह्यातल्या जवानाने १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवलं. पायांची मदत शून्य, उलट त्यांचा ओढा मागे. हात आणि खांदे पाण्याला किती घट्ट धरू शकतात, याचा याहून मोठा पुरावा मराठी माणसाला दुसरीकडे शोधायची गरज नाही.

हातांचा पाण्यातला जोर मोजायची सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची चाचणी म्हणजे दोरीला बांधून पोहणं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक काठावरच्या लोड सेलला, म्हणजे ओढ मोजणाऱ्या उपकरणाला. पोहणारा पूर्ण जोराने पोहतो पण जागचा हलत नाही, आणि तो किती जोराने ओढतो ते आकड्यात दिसतं. पोर्तुगालमधल्या मोरोसो आणि सहकाऱ्यांच्या कामासह बऱ्याच अभ्यासांत या जोराचा ५० मीटरच्या वेगाशी चांगला संबंध दिसला आहे. प्रयोगशाळेत यासाठी महागडी उपकरणं असतात. पण अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपला लोड सेल आणि त्याची लोखंडी चौकट नवीन नाही. तेही नको असेल तर हुकाला लटकवायचा डिजिटल काटा, भंगारवाले वापरतात तसा, काठावर पक्का बांधावा आणि त्याच्या पडद्याचं मोबाइलवर चित्रीकरण करावं. दहा किलो दाखवले तर तो सुमारे ९८ न्यूटनचा जोर. असा काटा प्रत्येक हाताच्या ओढीचं टोक पकडणार नाही, पण दहा सेकंदांची सरासरी काढण्यापुरता तो चालतो.

काही बारकावे सांभाळले नाहीत तर हा आकडा निरर्थक होतो. दोरी न ताणणारी हवी. रबरी नळी सरावाला ठीक, मोजमापाला नाही. दोरी आखूड असेल आणि काठ उंच, तर ओढ तिरकी होते आणि काटा खरा जोर दाखवत नाही. पाच मीटरची दोरी घेतली की हा फरक नगण्य होतो. सुरुवातीला हळू पोहत दोरी ताणून घ्यायची आणि मग शिट्टी. पहिल्या दोन-तीन सेकंदांतला झटका मोजणीतून वगळायचा. एकदा पूर्ण पोहून, एकदा पायांत पुलबॉय धरून फक्त हातांनी, एकदा फक्त किक मारून असं मोजलं तर मुलाचा जोर कुठून येतो आणि कुठे गळतो तेही दिसू लागतं.

दोरीवरच्या चाचणीवर एक रास्त आक्षेप आहे. जागच्या जागी पोहताना पाणी अंगावरून वाहत नाही, त्यामुळे हाताखालचा प्रवाह आणि ओढीचा मार्ग थोडा बदलतो आणि अवरोध पुन्हा चित्राबाहेर राहतो. त्यावर उपाय म्हणून अर्धबद्ध पोहणं आलं. यात दोरी सुटत जाते पण ती ठरावीक ओझ्याने मागे ओढत असते. तीन-चार वेगवेगळ्या ओझ्यांवर वेग मोजून आलेख काढला की एक उतरती रेषा मिळते. तिचं एक टोक ओझं शून्य असतानाचा वेग सांगतं, दुसरं वेग शून्य होईल एवढं ओझं. नॉर्वे आणि जपानच्या संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत मोटरवर चालणाऱ्या यंत्रांनी हे काम पुष्कळ पुढे नेलं आहे. अमेरिकन तलावांवर हेच काम कप्पी आणि पाण्याची बादली लावलेल्या उभ्या मनोऱ्याने करतात. बादलीत किती लिटर पाणी आहे यावर ओझं ठरतं. असा मनोरा उल्हासनगरचा कोणताही फॅब्रिकेशनवाला बनवून देईल. मात्र कप्पीचं घर्षण जास्त असेल तर ओझ्याचा आकडा फसवतो, म्हणून चांगल्या बेअरिंगची कप्पी घ्यावी.

अवरोध स्वतंत्रपणे मोजण्याच्या पद्धतीही आहेत. ॲमस्टरडॅममध्ये १९८० च्या दशकात पाण्याखाली ठरावीक अंतरावर पॅड लावून त्यांना ढकलत पोहायची यंत्रणा उभी केली गेली. १९९२ मध्ये कोल्मोगोरोव्ह आणि दुप्लिश्चेवा यांनी माहीत असलेला जादा अवरोध मागे बांधून वेगात पडणाऱ्या फरकावरून हिशेब मांडला. दोन्ही पद्धतींचे आकडे आपसांत नीट जुळत नाहीत आणि तज्ज्ञांत अजून वाद आहेत. आपल्या तलावावर त्यात पडायची गरज नाही. भिंतीला ढकलून, हात डोक्यामागे ताणून, काहीही न हलवता घसरत जायचं आणि पाच मीटरला किती वेळ लागला ते व्हिडिओवर पाहायचं, एवढ्यानेही शरीर पाण्यात किती सरळ राहतं याची चांगली कल्पना येते.

आता वेग. इथे आपली सर्वांत मोठी चूक स्टॉपवॉचवर विसंबण्याची आहे. एकाच मुलीची वेळ काठावरच्या दोघांनी घेतली तरी एक-दोन दशांशांचा फरक सहज पडतो. सुरुवातीला उल्लेख केलेली नऊ वर्षांची प्रगती अशा घड्याळात दिसलीच नसती. मोठ्या स्पर्धांतही वेळ मोजण्याच्या मर्यादेची जाणीव ठेवावी लागते. १९७२ च्या म्युनिकमध्ये ४०० मीटर मिडलेत गुन्नार लार्सनने टिम मॅकीला हजारांश सेकंदांच्या फरकाने हरवलं. पुढे नियम शतांशांवर थांबवला गेला, कारण तलावाच्या लेनच्या लांबीतच त्याहून मोठा फरक असू शकतो. २००० च्या सिडनीत अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनियर दोघांनाही ५० मीटरचं सुवर्ण मिळालं ते म्हणूनच, दोघांची वेळ २१.९८. टच पॅड नसलेल्या तलावात उपाय एकच: काठावर दोन खुणा, समोरासमोर दोऱ्या आणि प्रत्येक खुणेसमोर काटकोनात ठेवलेला कॅमेरा. २५ मीटरच्या तलावात १० ते २० मीटरमधला पट्टा घ्यावा, म्हणजे स्टार्टही वगळला जातो आणि भिंतही. डोकं पहिल्या खुणेला आल्यापासून दुसऱ्या खुणेपर्यंतची चित्रं मोजली की स्वच्छ वेग मिळतो. त्याच चित्रफितीत स्ट्रोकही मोजले जातात. वेग म्हणजे स्ट्रोकची लांबी गुणिले स्ट्रोकची गती, आणि मुलगा यातल्या कशाच्या जोरावर वेगवान झाला, हे दोन महिन्यांनी पाहणं फार उद्बोधक असतं. हात भराभरा फिरवून वेग मिळवणारी मुलं शेवटच्या १५ मीटरमध्ये पाणी सोडू लागतात. त्यांची दुसऱ्या २५ मीटरची वेळ पहिल्याशी ताडून पाहिली की ते लगेच दिसतं.

हे सगळे आकडे एकत्र वाचले तर ते बोलू लागतात. पुलअप आणि स्क्वॉट वाढले पण दोरीवरचा जोर तिथेच राहिला, तर ताकद आली आहे पण हाताला पाणी धरता येत नाही. कोपर खाली पडतं का, तळहात बाजूला निसटतो का, ते पाण्याखालच्या चित्रीकरणात पाहावं आणि काही आठवडे जिममध्ये भर घालू नये. दोरीवरचा जोर वाढला पण १० मीटरचा वेग नाही, तर अवरोध आड येतो आहे. डोकं उंच, कंबर खाली, किकमध्ये गुडघे जास्त वाकलेले, अशा गोष्टी तपासाव्यात. वेग चांगला आणि ५० मीटरची वेळ वाईट, तर स्टार्ट, टर्न किंवा शेवटचा टप्पा. आणि तिन्ही आकडे सहा महिने एकाच जागी असतील तर झोप, जेवण, रक्तातलं लोह, शाळा-क्लास-लोकल यांचा एकूण ताण विचारावा. पहाटे चारला उठणाऱ्या मुलाची चाचणी त्याच्या स्नायूंची नसते, त्याच्या दिनक्रमाची असते.

एक अडचण खास आपल्याकडची आहे. हिवाळ्यात मुंबई महानगर प्रदेशातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा बदलापूरला नोंदलं जातं. उघड्या, न तापवलेल्या तलावात जानेवारीतल्या सकाळी पाणी स्पर्धेच्या २५ ते २८ अंशांच्या मर्यादेखाली जातं. थंड पाण्यात स्नायूंचा जोर कमी पडतो. मे महिन्यातल्या आकड्याशी जानेवारीचा आकडा ताडून मुलगी मागे पडली असं ठरवणं अन्याय आहे. प्रत्येक नोंदीसमोर पाण्याचं तापमान लिहावं. त्याच दिवशी प्रत्येक चाचणी दोनदा घ्यावी आणि त्या दोन आकड्यांत जेवढा फरक येतो, तेवढा फरक पुढच्या वेळी प्रगती म्हणून धरू नये. चाचणीआधीचा दिवस हलका ठेवावा, वेळ एकच ठेवावी, वॉर्मअपही तोच.

खांद्याची एक तपासणी या यादीत हवीच. पोहणाऱ्यांचा खांदा आत वळवणारे स्नायू फार बळकट होतात आणि बाहेर वळवणारे मागे राहतात. दुखणं तिथून सुरू होतं. रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढताना दुखतं का आणि दोन्ही खांद्यांत किती फरक आहे, एवढं महिन्यातून एकदा पाहिलं तरी बरीच दुखणी आधी कळतात. आपल्या परंपरेतला दोरीचा मल्लखांब ओढीच्या स्नायूंसाठी उत्तम आहे असं माझं मत आहे. दंड मात्र ढकलण्याचे स्नायू वाढवतात, त्यामुळे जमिनीवरच्या व्यायामात फक्त दंडांवर भर देणाऱ्यांनी तोल सांभाळावा.

आणि चाचणीचा आकडा मुलाला कसा सांगायचा? भिंतीवर क्रमवारीचा कागद लावण्याची आणि वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचण्याची पद्धत मला अमान्य आहे. तेराव्या वर्षी मुली पोहणं सोडतात, त्यामागे अशा वागणुकीचा हात असतो. प्रत्येकाची वही वेगळी असावी आणि त्यातली तुलना त्याच्याच मागच्या पानाशी व्हावी.

तिन्ही शहरांतले क्लब आणि शाळा मिळून वर्षातून दोनदा ५० मीटरच्या एखाद्या तलावात चाचणीचा दिवस ठरवू शकतात. एकच काटा, तीच दोरी, तेच कॅमेरे, नोंदीचा एकच नमुना. २५ मीटरच्या तलावात ५० मीटर पोहताना मध्ये एक टर्न येतो आणि भिंतीचा ढकला मिळतो, त्यामुळे लांब तलावात मुलाचं खरं चित्र वेगळं दिसतं. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा यात जागा आणि वेळ देण्यापुरती मदत करू शकल्या तरी पुष्कळ झालं.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या ५० मीटर शर्यती पहिल्यांदाच असणार आहेत. वीरधवलने ज्या शर्यतीत आशियाई पदक आणलं ती शर्यत आता ऑलिम्पिकची झाली आहे. या तीन प्रकारांसाठी चाचण्या कशा असाव्यात यावर फ्रीस्टाइलइतकं काम झालेलं नाही. बॅकस्ट्रोकचा स्टार्ट पाण्यातून होतो, त्यामुळे उभ्या उडीचा आकडा तिथे तितका उपयोगी नाही आणि भिंतीवरून मागे झेप घेतानाचा जोर वेगळा पाहावा लागतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये एका स्ट्रोकच्या आत वेग इतका चढतो-उतरतो की दोरी एकदा सैल पडते आणि एकदा झटका देते. त्यामुळे तिथे सरासरी काढणारा काटा पुरत नाही, क्षणाक्षणाची नोंद घेणारा लोड सेलच लागतो. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम ओढतात, म्हणून डाव्या-उजव्याचा फरक दोरीवर दिसत नाही. तो पाहायला एकेका हाताने पोहवावं लागतं आणि तेव्हा कमरेची लाट आपोआप बदलते.